तिने सांगावे कोणाला? हिंगोलीतील दलित-आदिवासी स्त्रिया, हिंसा आणि मदतीच्या वाटा

परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे १९७२ साली दलित स्त्रियांना विवस्त्र करून मारहाण करण्यात आली. त्या वेळी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो परभणीचाच भाग होता. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या 'साधना' साप्ताहिकाच्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख प्रसिद्ध झाला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी किरकोळ शिक्षा यांची त्यांनी तुलना केली होती. महाराष्ट्रभर वादळ उठले, पण ते ध्वजाच्या अपमानावरून. ज्या स्त्रियांमुळे हा लेख लिहिला गेला, त्यांनी दाद कोणाकडे मागितली, त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले, त्या पुन्हा त्याच गावात कशा नांदल्या, हे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले.

आज पन्नास वर्षांनंतरही हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. अत्याचाराची बातमी होते, मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते. परंतु अत्याचार झालेल्या स्त्रीने त्या रात्री कोणाचे दार ठोठवावे, याचे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचलेले नसते.

दूरचे साम्य

१९७२ सालीच मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून हे नाव घेतले गेले. महाराष्ट्राला हे साम्य नवे नव्हते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता.

या साम्याची स्त्रियांच्या बाजूने झालेली मांडणी मात्र पुष्कळ उशिरा पुढे आली. अमेरिकन कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली असे दाखवून दिले की, कृष्णवर्णीय स्त्रीचे दुःख हे वंशाचे दुःख आणि स्त्रीत्वाचे दुःख यांची नुसती बेरीज नसते. दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकात ती उभी असते आणि दोन्हीकडून येणारे आघात तिच्यावरच आदळतात. १९९१ साली त्यांनी लॉस एंजलिसमधील निवारागृहांचा आधार घेऊन लिहिलेल्या निबंधात दोन निरीक्षणे आहेत, ती मराठवाड्यातील वाचकाला ओळखीची वाटतील. पहिले असे की, कृष्णवर्णीय स्त्री घरातील मारहाणीसाठी पोलिसांना बोलावण्यास कचरते. कारण आपल्या माणसांशी पोलीस कसे वागतात हे तिने पाहिलेले असते आणि आपल्या तक्रारीने समाजाची बदनामी होईल ही भीतीही तिला असते. दुसरे असे की, इंग्रजी पुरेशी येत नाही या कारणाने एका स्थलांतरित स्त्रीला निवारागृहाने प्रवेश नाकारला. मदतीची इमारत उभी होती, पण तिचे दार या स्त्रीसाठी बंदच राहिले.

आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि त्यानंतर शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांचा स्वर वेगळा का, याची चिकित्सा केली. त्याच्याही आधी बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये गावाने महारवाड्यावर केलेला जुलूम आणि महारवाड्यातील घराघरात सुनांना सोसावी लागणारी मारहाण या दोन्ही गोष्टी एकाच निर्भयतेने लिहून ठेवल्या. बाहेरचा जुलूम सांगताना घरातला झाकायचा नाही, हे त्यांचे धाडस आजही दुर्मीळ आहे.

जिल्ह्याचे वास्तव

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. संत नामदेवांचे नर्सी आणि ज्योतिर्लिंगाचे औंढा यांमुळे जिल्ह्याचे नाव भाविकांना परिचित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख असून तीतील बहुसंख्य ग्रामीण आहे. जवळजवळ चौथा हिस्सा अनुसूचित जाती व जमातींचा आहे. कळमनुरी आणि औंढ्याच्या डोंगराळ भागात आंध आदिवासींची वस्ती आहे, तर अनेक गावांच्या शिवारात बंजारा तांडे आहेत. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून, त्यामुळे हंगाम संपला की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात.

हा तपशील येथे देण्याचे कारण आहे. भूमिहीन मजूर स्त्री ज्याच्या शेतावर कामाला जाते, त्याच घरातील कोणी तिच्यावर हात टाकला, तर तक्रार केल्याने तिची मजुरी, तिच्या नवऱ्याचे सालगड्याचे काम आणि वस्तीचा रस्ता-पाणी हे सारेच धोक्यात येते. ऊसतोडीत उचल जोडप्याच्या नावावर घेतलेली असते; नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई फेडीची जबाबदारी कशी टाळणार? माहेर गाठायचे तर तेही तशाच एका मजुराचे घर. मौन बाळगताना ही स्त्री असा सर्व हिशेब मनाशी करीत असते. तिला भित्री किंवा अडाणी म्हणणाऱ्याने तो एकदा तरी मांडून पाहावा.

हिंसेचे दोन प्रकार

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एक हिंसा जातीबाहेरून येते: पाणवठ्यावर, शेतात, रस्त्यावर, निवडणुकीच्या किंवा जमिनीच्या वादात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ती या प्रकारातील. त्या खटल्यात आठ जणांना दोषी ठरवण्यात आले, परंतु ॲट्रॉसिटी कायद्यातील कलमे टिकली नाहीत, ही गोष्ट अनेकांच्या मनाला आजही सलते.

दुसरी हिंसा घरातून येते: नवरा, सासरा, दीर, कधी बाप वा भाऊ. तिला जात नसते, परंतु तिच्यातून बाहेर पडण्याच्या वाटा मात्र जात आणि गरिबीमुळे अरुंद होतात. नागपूर येथे जुलै १९४२ मध्ये भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व बरोबरीची सहकारी म्हणून उभे राहावे, असे आवर्जून सांगितले होते. घरातल्या अन्यायाविरुद्ध बोलणे म्हणजे समाजाशी द्रोह, असे ज्यांना वाटते त्यांनी या भाषणाचे स्मरण ठेवावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी साधारणतः दर चौथ्या स्त्रीने पतीकडून होणाऱ्या हिंसेचा अनुभव घेतलेला आहे. याच पाहणीत देशपातळीवर असे आढळले की, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, शिवाय ही गोष्ट कोणाला सांगितलीही नाही. ज्यांनी मदत मागितली त्यांनी बहुधा माहेरची माणसे गाठली. पोलीस, डॉक्टर आणि वकील यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या अगदी थोड्या.

अविश्वासाची मुळे

पोलीस ठाण्याविषयीचा अविश्वास निराधार नाही. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 'मथुरा प्रकरण' म्हणून ते ओळखले जाते. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिला ठाण्यात आणले गेले होते. म्हणजे जिथे दाद मागायची तिथेच अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. प्रतिकाराच्या खुणा नसणे हे त्यामागचे एक कारण होते. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम ४९८ अ दंडसंहितेत आले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. यंत्रणेने स्त्रीचा विश्वासघात केला, हे खरे. परंतु स्त्रियांनी दाद मागितली म्हणूनच यंत्रणा थोडीफार बदलली, हेही तितकेच खरे. आज जे कायदे हाती आहेत ते कोणी दान म्हणून दिलेले नाहीत.

कायदा काय देतो

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. मजुरी काढून घेणे, घरखर्च न देणे, घराबाहेर काढणे हीदेखील हिंसाच होय. या कायद्याखाली फौजदारी गुन्हा नोंदवल्याविना न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा, राहत्या घरात राहू देण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या ताब्याचा आदेश मिळू शकतो. नवऱ्याला तुरुंगात धाडायचे नाही, पण मार थांबला पाहिजे, असे म्हणणाऱ्या असंख्य स्त्रियांसाठी ही तरतूद आहे. अर्जाची पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत ठेवावी, असे कायदा सांगतो; प्रत्यक्षात विलंब होतो, म्हणून तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी अर्जातच करावी. आदेश मोडणे हा मात्र गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्त्री तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयातही हा अर्ज करता येतो. कारखान्याच्या कोपीवर किंवा पुण्याच्या बांधकामावर असलेल्या हिंगोलीच्या बाईने त्यासाठी गावी परतण्याची आवश्यकता नाही.

पती व सासरच्या छळाचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाण्याने नकार दिल्यास तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावी आणि तरीही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

अत्याचार करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल आणि स्त्री या प्रवर्गातील असेल, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात पीडितांचे व साक्षीदारांचे हक्क स्पष्ट केले. २०१८ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास ६० दिवसांत पूर्ण करायचा असतो. नियमांनुसार अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. त्यासाठी जातीचा दाखला लागतो. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून लागू आहेत, म्हणून बौद्ध स्त्रीलाही हा कायदा उपलब्ध आहे.

तांड्यावरच्या स्त्रीने मात्र एक बाब लक्षात घेतली पाहिजे. तेलंगणात लंबाडा म्हणजेच बंजारा अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात. त्यामुळे हिंगोलीच्या बंजारा स्त्रीला ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार घेता येत नाही. तिच्यासाठी न्याय संहिता आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा या दोन वाटा खुल्या आहेत. त्याचप्रमाणे पती-पत्नी एकाच प्रवर्गातील असतील तर त्यांच्यातील प्रकरण ॲट्रॉसिटीखाली येत नाही. चुकीच्या कायद्याच्या मागे लागून महिने वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे सांगणे जरूर आहे.

पहिले पाऊल पोलीस ठाण्याचेच हवे असे नाही

मदत म्हणजे पोलीस, या समजुतीने कित्येक स्त्रिया घराबाहेर पाऊलच टाकत नाहीत. वस्तुतः सुरुवात अनेक ठिकाणांहून होऊ शकते.

सरकारी दवाखाना ही त्यातली सर्वांत जवळची जागा. दुखापत झालेल्या स्त्रीवर उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. लैंगिक अत्याचार वा ॲसिड हल्ला झालेल्या स्त्रीला सरकारी तसेच खासगी रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार नाकारणे हा गुन्हा आहे. जखम कशी झाली हे डॉक्टरांना खरे सांगावे. 'पाय घसरून पडले' अशी नोंद झाली की पुढे तीच आड येते. मुंबईत वांद्रे येथील भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' या संस्थेने सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने हेच दाखवून दिले की, केसपेपर काढायला आलेली बाई डॉक्टरांपुढे जे बोलते ते ठाण्यात बोलत नाही.

संरक्षण अधिकारी हा महिला व बालविकास विभागाचा अधिकारी असतो. न्यायालयात अर्ज करण्यासाठी आवश्यक तो कौटुंबिक घटना अहवाल तो तयार करतो. या अधिकाऱ्याला शेजारी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक असे कोणीही कळवू शकते आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.

'सखी' वन स्टॉप सेंटर ही केंद्रपुरस्कृत योजना २०१५ पासून आहे. जिल्हावार स्थापन केलेल्या या केंद्रांत तात्पुरता निवारा, उपचार, समुपदेशन, पोलीस व वकिलाची मदत एका छताखाली मिळावी, असा हेतू आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांत सुरू केलेल्या महिला विशेष कक्षाची पद्धत पुढे राज्यात पसरली. अनेक जिल्ह्यांत पोलिसांचे भरोसा सेलही आहेत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारात असते. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बलात्कार व ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी असलेल्या मनोधैर्य योजनेचा अर्जही येथेच करता येतो.

दूरध्वनी क्रमांक पाठ ठेवावेत: तातडीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, विधी सेवा १५१००, ॲट्रॉसिटी प्रतिबंधक राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आणि मुलांसाठी १०९८.

जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर

घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हा जगभरच्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. म्हणून तयारी शांतपणे करावी. आधार कार्ड, शिधापत्रिका, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासू व्यक्तीकडे ठेवाव्यात. जखमांची छायाचित्रे, दवाखान्याचे कागद आणि मारहाणीच्या तारखा जपाव्यात. लैंगिक अत्याचारानंतर अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत. गळा दाबणे, पेटवून देण्याची धमकी, गरोदरपणातील मारहाण, कोयता वा कुऱ्हाड उगारणे ही जिवावरच्या संकटाची लक्षणे आहेत. अशा वेळी पुराव्यासाठी थांबू नये, आधी जीव वाचवावा.

गावातील तडजोडीबाबत सावध राहणे इष्ट. जातपंचायत, भावकी किंवा गावचे पुढारी 'मिटवून टाका' म्हणतात, तेव्हा बहुधा स्त्रीला समोर बसवलेलेही नसते. बलात्कारासारखा गुन्हा गावाला मिटवता येत नाही. कायद्याने तो तडजोडीस पात्र नाही. कौटुंबिक तंट्यात समझोता करायचाच झाला तर तो संरक्षण अधिकारी वा समुपदेशकासमोर, लेखी आणि स्त्रीच्या इच्छेनेच व्हावा.

शहरातील वाचकाचे कर्तव्य

हा मजकूर ज्यांच्या हाती पडेल ते बहुतेक शहरात राहणारे असतील. हिंगोली त्यांना दूर वाटेल. पण शेजारच्या बांधकामावर वाळू चाळणारी, सोसायटीत धुणीभांडी करणारी, वसतिगृहात स्वयंपाक करणारी स्त्री कदाचित सेनगावची किंवा औंढ्याची असेल. तिच्या डोळ्याखालचा काळा डाग दिसला तर 'काय झाले' असे चारचौघांत विचारू नये; एकांतात विचारावे. 'सोडून का देत नाहीस' असा सल्ला देऊ नये. तिचा हिशेब आपल्याला ठाऊक नसतो. तिला एक क्रमांक द्यावा, फोन करायला आपला फोन द्यावा, दवाखान्यात सोबत जावे, त्या दिवसाची मजुरी कापू नये. आपली भाषा बोलणारे माणूस तिच्याबरोबर असेल, याची काळजी घ्यावी. तांड्यावरची गोरमाटी बोलणारी स्त्री कचेरीतल्या मराठीतही अडखळते.

शासनाकडूनही अपेक्षा मोठी नाही. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, रास्त भाव दुकानाच्या आणि उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा. कोणत्याही गावाला परवडेल एवढीच ही गोष्ट आहे.

ब्राह्मणगावच्या त्या स्त्रियांसमोर १९७२ साली असा एकही क्रमांक नव्हता, मोफत वकिलाचा हक्क नव्हता, ॲट्रॉसिटीचा कायदा नव्हता. आज हे सर्व कागदावर आहे. एखादी स्त्री धीर करून उंबरठ्याबाहेर येते, तेव्हा ती उपकार मागत नसते. स्वतःचा हक्क बजावत असते. तिने पहिल्यांदा ज्याला सांगितले, त्याने तिच्यावर विश्वास ठेवला की नाही, यावर ती दुसऱ्यांदा कोणाला सांगेल की नाही हे ठरते. तो पहिला माणूस आपण असू शकतो.